फुकट घेतलेल्या ॲपचे पैसे सोसायटी कसे देते: एक प्रकरण अभ्यास

मुंबईतल्या एका डेव्हलपरने सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब ठेवणारं ॲप बनवलं. आधी घ्या, वापरा, पटलं तर मागाहून पैसे द्या, एवढीच त्याची अपेक्षा. नोकरी सांभाळून, रात्री आणि रविवारी केलेलं काम. ॲप चाललं, लोकांना आवडलंही, पण पैसे येईनात. मग त्याने पैसे मागण्याची पद्धत दोनदा बदलली. तिसऱ्या वेळी गाडं थोडं पुढे सरकलं. हे सगळं मी जवळून पाहिलं, कारण मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीचा मी खजिनदार आहे आणि आमचा हिशेब याच ॲपवर चालतो. डेव्हलपरशी ओळखही त्यातूनच झाली. त्याचं आणि ॲपचं नाव इथे देत नाही. त्याला ते नको आहे.

‘लोकांना फुकटची सवय लागलीये’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. या प्रकरणात मला ते पटत नाही. इथे लोक पैसे द्यायला तयार होते. त्यांना ते देता येत नव्हते.

कामाचं स्वरूप

बाहेरून पाहणाऱ्याला सोसायटीचा हिशेब म्हणजे बेरीज-वजाबाकी वाटते. प्रत्यक्षात दर महिन्याला किंवा तिमाहीला प्रत्येक फ्लॅटचं मेंटेनन्सचं बिल काढायचं. कुणी जागा भाड्याने दिली असेल तर ना-भोगवटा शुल्क लावायचं आणि ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ द्यायचं नाही. थकबाकीवर व्याज लावायचं, तेही सरळव्याजाने आणि सोसायटीच्या उपविधींमधल्या मर्यादेत. इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा सिंकिंग फंड वेगळा, दुरुस्ती निधी वेगळा. ‘आय’ नमुन्यातलं सभासदांचं रजिस्टर, ‘जे’ नमुन्यातली यादी. पावतीची रक्कम ५,००० रुपयांच्या वर गेली की एक रुपयाच्या रेव्हेन्यू स्टँपसाठी चौकोन हवा. हा शेवटचा चौकोन ॲपमध्ये पाहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं, की बनवणारा कुठल्या तरी सोसायटीच्या कमिटीत बसलेला आहे.

मोठ्या टॉवरांना हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आहेत. गेटवरच्या नोंदीपासून क्लबहाऊसच्या बुकिंगपर्यंत सगळं त्यात येतं. पण कन्नमवार नगरातली म्हाडाची इमारत किंवा भांडुपची तीस बिऱ्हाडांची सोसायटी त्यांच्या वाटेला जात नाही. तिथे खजिनदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. हिशेब वहीत, फार तर एक्सेलमध्ये. हेच या ॲपचे वापरकर्ते.

आधी पैसे का नकोत

सुरुवातीलाच किंमत लावण्याचा विचार डेव्हलपरने केला होता आणि सोडून दिला. कारण व्यवहारी होतं. या ॲपचा खरेपणा पहिल्या दिवशी कळतच नाही. ३१ मार्चच्या शिल्लका भरायच्या, प्रत्येक सभासदाची थकबाकी चढवायची, मग पहिली बिलं काढायची, पैसे जमा दाखवायचे, आणि तिमाही संपली की बँकेच्या पासबुकाशी ताळा जमतो का पाहायचं. तो जमला तर ॲप खरं. म्हणजे ‘वापरून पाहणं’ इथे तीन महिन्यांचं. गूगल प्लेवर विकत घेतलेल्या ॲपचे पैसे सहज परत मागण्याची मुदत साधारण ४८ तासांची. ४८ तासांत आमचे काका शिल्लकाही भरून पुरे करत नाहीत.

वापरून झाल्यावर पैसे घेण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेत १९८२ च्या सुमारास अँड्र्यू फ्लूगलमन यांनी पीसी-टॉक हा प्रोग्राम असाच सोडला: फ्लॉपीवरून मित्राला द्या, उपयोगी पडला तर मला २५ डॉलर पाठवा. त्याच काळात जिम नॉफ यांनी पीसी-फाइलसाठी १० डॉलर मागितले. पुढे बॉब वॉलेस यांच्या पीसी-राइटमुळे शेअरवेअर हे नाव रूढ झालं. आपल्याकडे या पद्धतीचा सगळ्यात परिचित वारस म्हणजे फाइली दाबून लहान करणारा विनरार: ४० दिवसांची मुदत संपते, खिडकी उघडून आठवण करून देते आणि प्रोग्राम चालूच राहतो. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल केलेल्या संगणकांवर त्या खिडकीचा ‘क्लोज’ दाबत एक पिढी मोठी झाली.

त्या अमेरिकनांना एक गोष्ट अनुकूल होती, जी आमच्या डेव्हलपरला नव्हती. तिकडे प्रोग्राम वापरणारा आणि चेक फाडणारा बहुधा एकच माणूस होता.

पहिला प्रयत्न

पहिल्या आवृत्तीत ॲपच्या सेटिंगमध्ये, अगदी तळाशी, एक बटण होतं. दाबलं की तीन रकमा दिसत: ५०, १०० आणि ५०० रुपये. पैसे गूगलच्या बिलिंगमधून जात, कारण प्ले स्टोअरवरच्या ॲपमध्ये डिजिटल गोष्टीचे पैसे घ्यायचे तर नियम तसा. गूगलचा हिस्सा १५ टक्के. वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरच्या कमाईवर हा दर २०२१ च्या जुलैपासून आहे, त्याआधी सहसा ३० टक्के होता. पण तो आपोआप मिळत नाही, डेव्हलपरला त्यासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. म्हणजे शंभरातले ८५ हातात. या आकड्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

बटण दाबणारे थोडे होते आणि त्यात तरुण जास्त, म्हणजे आईवडिलांच्या फोनवर ॲप बसवून देणारी मुलं. खजिनदारांकडून जवळजवळ काहीच नाही. पण त्यांचे फोन यायचे. ॲपमध्ये मदतीसाठी नंबर होता, त्यावर दुपारी तीनच्या सुमाराला, वामकुक्षी झाल्यावर, एखादे काका बोलायचे. शंका विचारून झाली की शेवटी म्हणायचे, ‘‘तुमचं बिल पाठवा ना. एवढं काम करताय, फुकट कशाला?’’ तो म्हणायचा, ‘‘ॲपमध्येच बटण आहे काका.’’ पलीकडून उत्तर, ‘‘ते नको. बिल पाठवा.’’

हा संवाद तो मला हसत सांगायचा. त्याला वाटायचं, काकांना बटण दाबता येत नाही. मी खजिनदार असल्यामुळे मला त्यातली अडचण ताबडतोब कळली. गूगल प्लेची पावती येते ती फोनवर ज्याचं खातं आहे त्याच्या ईमेलवर, त्याच्या नावाने. ती पावती व्हाउचरला जोडून मी सोसायटीकडून पैसे मागितले तर सेक्रेटरी विचारणार, ‘‘हे तुमच्या नावावर आहे, सोसायटीचा काय संबंध?’’ सेक्रेटरींनी सोडलं तरी ऑडिटर सोडणार नाही. शिवाय बटणावर लिहिलं होतं ‘ऐच्छिक देणगी’. सोसायटीच्या पैशातून खासगी माणसाला देणगी दिली असं व्हाउचर कुठला खजिनदार सही करून पुढे सरकवेल?

उरला स्वतःच्या खिशातून देण्याचा मार्ग. खजिनदारकी बिनपगारी असते. त्यात स्वतःचे तास जातात, सभासदांची बोलणी खावी लागतात, आणि वर पदरचे पैसे घाला म्हणणं जरा अतीच. तरी काहींनी घातले, हे नोंदवायला हवं.

सर्वसाधारण सभेतली खिडकी

बटण तळाशी आहे म्हणून दिसत नाही, असा डेव्हलपरने निष्कर्ष काढला. म्हणून त्याने पुढच्या आवृत्तीत ॲप उघडताच एक खिडकी आणली: हे ॲप तुम्ही अमुक महिने मोफत वापरत आहात, कृपया सहकार्य करा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, त्यामुळे सप्टेंबरातले रविवार मुंबईभर सोसायट्यांच्या सभांचे. गणपतीचा मांडव उतरलेला असतो, त्याच जागेत खुर्च्या मांडतात. घाटकोपरच्या एका सोसायटीत खजिनदार बाईंनी मोठ्या उत्साहाने फोन टीव्हीला जोडला आणि थकबाकीची यादी दाखवायला ॲप उघडलं. चाळीसेक सभासदांसमोर पहिल्यांदा उमटलं ते ‘मोफत वापरत आहात’. वर्षाची थकबाकी असलेल्या गृहस्थांना तेवढंच हवं होतं. ‘‘आम्हाला नोटिसा पाठवता, आणि स्वतः फुकटचं वापरता होय?’’ सभा तिथून जी भरकटली ती गच्चीच्या गळतीवरच थांबली. बाईंनी रात्री ॲपला एक तारा दिला आणि खाली सविस्तर लिहिलं. त्यांचा मराठी परिच्छेद इतका नेटका होता, की डेव्हलपरने तो जपून ठेवलाय.

पैसे मागताना समोरच्याला चोर ठरवलं की काय होतं, याचं एक जाहीर उदाहरण आहे. एलिमेंटरी ओएस ही लिनक्सवर आधारलेली, विंडोजऐवजी वापरता येणारी संगणक प्रणाली. तिच्या संकेतस्थळावर तुम्हाला हवी ती रक्कम, अगदी शून्यसुद्धा, लिहून ती उतरवता येते. २०१५ च्या फेब्रुवारीत तिच्या चमूने सांगितलं, की ९९.८७५ टक्के लोक काहीही न देता घेतात. आणि शून्य लिहिणारे जणू व्यवस्थेला फसवतात, असा सूर त्या लेखात होता. आकड्यापेक्षा सुरावर गदारोळ झाला आणि शब्द बदलावे लागले. पुढे २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणी काढून ॲपसेंटर या आपल्या ॲपच्या दुकानातही ‘हवी ती रक्कम द्या’ ही सोय आणली, ७० टक्के डेव्हलपरला आणि ३० टक्के एलिमेंटरीला. माणसं तीच, विचारही तोच. मागण्याची तऱ्हा सुधारली.

याच्या उलट केडीई या लिनक्सच्याच जगातल्या दुसऱ्या चमूचं. त्यांच्या प्लाझ्मा ६.२ या डेस्कटॉपमध्ये, २०२४ साली, देणगीची एक सूचना आली. ती वर्षातून एकदाच, डिसेंबरात दिसते, आणि बंद करता येते. थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रामनेही २०२२ च्या अखेरीस वापरकर्त्यांना प्रोग्रामच्या आतूनच आवाहन केलं. त्या वर्षी त्यांच्याकडे ६४ लाख डॉलरच्या वर देणग्या आल्या. म्हणजे आतून मागणं हा गुन्हा नव्हे. घाटकोपरच्या सभेत चुकली ती वेळ.

यूपीआय आहे, तरी नाही

इथे कुणीही म्हणेल, क्यूआर कोड दाखवा आणि मोकळे व्हा. डेव्हलपरनेही तेच म्हटलं. यूपीआय चालवणारी एनपीसीआय याच शहरातली, वांद्रे-कुर्ला संकुलातली. २०१६ च्या एप्रिलपासून यूपीआय आहे, २०२० च्या जानेवारीपासून त्यावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं शुल्कही, पडत नाही. वडापावच्या गाडीवर चालतं ते इथे का चालू नये?

पहिली अडचण अगदी बाळबोध. क्यूआर ज्या फोनच्या पडद्यावर दिसतो, तो फोन तो स्कॅन कसा करणार? चित्र जतन करून यूपीआय ॲपच्या गॅलरीतून उचलता येतं, पण हे ज्येष्ठ खजिनदाराला फोनवरून समजावून पाहा. क्यूआरऐवजी दुवा दिला, तो दाबला की यूपीआय ॲप रक्कम भरूनच उघडतं, तर समोरचा आयडी व्यापाऱ्याचा नसून वैयक्तिक असल्यास व्यवहार बऱ्याचदा अडतो, आणि पडद्यावर उमटणारा संदेश भलतंच कारण सांगतो. शिवाय प्ले स्टोअरवरच्या ॲपमधून असं बाहेर पैसे घ्यायला पाठवणं नियमात बसत नाही, ते वेगळंच.

दुसरी अडचण मोठी. आमच्या सोसायटीचं खातं दोन सह्यांचं आहे: एक माझी, दुसरी अध्यक्ष किंवा सेक्रेटरींची. जवळपास सगळ्या सोसायट्यांचं असंच असतं, आणि ते योग्यच आहे; नाहीतर खजिनदार पळून जायच्या बातम्या आणखी वाढतील. पण दोघांनी मिळून चालवायच्या खात्यातून सहसा यूपीआयने पैसे काढता येत नाहीत. गेटवर क्यूआर लावून सोसायटी मेंटेनन्स गोळा करते, तिच्या खात्यात पैसे येतात. बाहेर जायला मात्र चेकच लागतो, नाहीतर दोघांच्या मंजुरीने एनईएफटी. लिफ्टवाल्यालाही चेक, टँकरवाल्यालाही चेक. ॲपवाल्यासाठी वेगळा रस्ता कुठून येणार?

ठरलेल्या तारखेला आपोआप पैसे कापणाऱ्या यूपीआय ऑटोपेचा विषय याच कारणाने दोन मिनिटांत संपला.

बिल

तिसरी मांडणी आमच्या गच्चीवरच्या गप्पांतून आली असं मी म्हणणार नाही. डेव्हलपरच्या बायकोने ती सुचवली. ती एका ट्रस्टच्या शाळेत हिशेब पाहते. ‘‘संस्थेला पैसे द्यायला कागद लागतो,’’ ती म्हणाली, ‘‘आणि कागदावर आकडा लागतो. हवे तेवढे द्या म्हटलंस तर कमिटी ठराव कसला करणार?’’

या आकड्याच्या मुद्द्यापाशी थोडं थांबतो, कारण मला तो या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘मनाला येईल ती रक्कम’ एकट्या माणसाला मोकळं करते. तो पन्नास देईल, खूश असेल तर पाचशे देईल. कमिटीला तीच मोकळीक अडचणीत टाकते. सात जणांनी बसून एखाद्याच्या कामाची किंमत ठरवायची म्हणजे सात मतं. कुणी म्हणणार हजार, कुणी म्हणणार शंभर पुरे, आणि एक जण म्हणणार शेजारच्या सोसायटीने किती दिले ते आधी विचारा. विषय पुढच्या बैठकीवर जातो. पुढच्या बैठकीत टाकी साफ करण्याचं कंत्राट असतं.

मग डेव्हलपरने दर ठरवला: दर फ्लॅटमागे वर्षाला १० रुपये. तीस फ्लॅट, तीनशे रुपये. वर एक ओळ, की रक्कम सुचवलेली आहे, कमी-जास्त देऊ शकता, न दिल्यास ॲप बंद होणार नाही. दर असा फ्लॅटवर बसवला की तो कमिटीला ओळखीचा वाटतो. पाणीपट्टीपासून गणपतीच्या वर्गणीपर्यंत आम्ही सगळं दर फ्लॅटमागेच मोजतो.

मागायची वेळही बदलली. खिडकी काढून टाकली. त्याऐवजी एप्रिलमध्ये, वर्षाचा हिशेब बंद करून ॲपमधून उत्पन्न-खर्चाचं पत्रक आणि ताळेबंद काढला, की ज्यांनी सोसायटीचा ईमेल दिला आहे त्यांना दोन दिवसांनी एक मेल जाते. सोबत सोसायटीच्या नावाचं बिल, त्यावर नोंदणी क्रमांक, डेव्हलपरचा पॅन, बँकेचा तपशील, आणि खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवता येईल तेही: छपाई, स्टेशनरी व संगणक खर्च. ही शेवटची ओळ वाचून मी मनोमन दाद दिली. खजिनदाराला आवडेल असं याहून दुसरं काही नाही.

मेलच का, ॲपमध्ये बिल का नाही? तर ॲपच्या आत दुसरीकडचा रस्ता दाखवला तर गूगलचा नियम आड येतो, पण ॲपच्या बाहेर, ईमेलने, ग्राहकाशी काय बोलायचं ते डेव्हलपरचं त्याने ठरवायचं, हे गूगलनेच स्पष्ट केलेलं आहे. भारतात गूगलच्या बिलिंगशेजारी दुसरं बिलिंग ठेवण्याचीही सोय आता आहे. स्पर्धा आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरात प्ले स्टोअरच्या बिलिंगच्या अटींवरून गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला होता (अपिलात, २०२५ मध्ये, तो २१६.६९ कोटींवर आला), त्यानंतरच्या घडामोडींतली ही सोय. पण त्यात गूगलचा हिस्सा फक्त ४ टक्के गुणांनी घटतो, १५ चे ११ होतात, आणि पैसे वसूल करून देणाऱ्या दुसऱ्या गेटवेचा खर्च वर येतो. तीनशे रुपयांच्या बिलासाठी हा उपद्व्याप करण्यात अर्थ नव्हता. मोठ्या कंपन्यांनाही तो परवडत नाही म्हणून तर भांडणं झाली. २०२४ च्या मार्चच्या पहिल्या दिवशी लग्न जुळवणारी आणि नोकरी शोधणारी मोठमोठी भारतीय ॲप्स काही काळ स्टोअरवरून गायब झाली होती, ती याच फीच्या वादातून.

याच सुमारास त्याने विंडोजची आवृत्ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली. ती गूगलच्या अंगणाबाहेरची, त्यामुळे तिच्यात बिलाचं पान उघड दाखवता येतं. क्यूआरचा बाळबोध प्रश्नही तिथे सुटला: कोड संगणकाच्या पडद्यावर, फोन हातात. एकमालकी दुकानदार, छोटे सीए, दोन-तीन सोसायट्यांचे हिशेब मानधनावर लिहिणारे लोक यांनी इथून पटापट पैसे भरले. त्यांना कुणाची सही लागत नाही.

चेक आले, आता भरायचे कुठे

पहिले काही चेक ॲपच्या नावाने आले आणि बँकेने परत केले, कारण त्या नावाचं खातंच नव्हतं. मग गुमास्ता काढा, उद्यम नोंदणी करा, त्या कागदांवर चालू खातं उघडा. डेव्हलपर या सगळ्याला कंटाळला होता. त्याने सीएला विचारून पाहिलं, की या रकमा भेट म्हणून दाखवता येतील का. बाहेरच्यांकडून मिळालेल्या भेटी वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत करमुक्त असतात ना? सीएने मान हलवली. तुम्ही सॉफ्टवेअर दिलंत, त्याचे पैसे घेतलेत, बिलही फाडलंत, हे उत्पन्न. जीएसटीची नोंदणी मात्र सेवांसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, आणि तो त्या आकड्याच्या जवळपासही नाही, म्हणून बिलावर जीएसटी लावत नाही. दोन-तीन ऑडिटरांनी त्यावरही शंका काढली, तेव्हा बिलाच्या तळाशी तसा खुलासा छापला.

आलेल्या पैशांतून पहिला खर्च झाला तो विंडोजच्या कोड साइनिंग सर्टिफिकेटचा. ते नसेल तर प्रोग्राम उतरवताना विंडोज इशारा देते, की प्रकाशक अनोळखी आहे. काका लोक तो इशारा वाचतात आणि थेट मुलाला फोन करतात. सर्टिफिकेटला वर्षाला काही शे डॉलर पडतात. म्हणजे पैसे मागता यावेत म्हणून विश्वासू दिसायचं, आणि विश्वासू दिसण्यासाठी आधी पैसे. या चक्रात कुठून तरी शिरावं लागतं; तो पगारातून शिरला होता, आता सोसायट्यांच्या चेकांतून भागतं. नोकरी सोडण्याइतकं हे उत्पन्न नाही आणि होईल असं मला दिसत नाही.

पैसे दिल्यावरचा फोन

ज्याची कुणी कल्पना केली नव्हती तो परिणाम असा: फोनचा सूर बदलला. पूर्वी काका आधी आभार मानत, मग शंका विचारत. आता रात्री साडेनऊला फोन येतो, ‘‘आम्ही पैसे भरलेत. उद्या कमिटी आहे. ना-भोगवटा शुल्क चुकतंय.’’ बरेचदा चुकत नसतं. भाडेकरू निघून गेल्याची नोंद करायची राहिलेली असते. पण ते सापडेपर्यंत अर्धा तास जातो. तीनशे रुपयांत वर्षभर असे किती अर्धे तास बसतात, हा हिशेब डेव्हलपरने केला तेव्हा तो काही वेळ गप्प होता.

इथे त्याचं आणि माझं जुळत नाही. माझं म्हणणं, ॲप सगळ्यांना सारखं असू दे, पण फोनवरची मदत पैसे भरणाऱ्यांनाच, तीही ठरलेल्या वेळेत. आणि तिचा दर वेगळा लाव. सोसायट्यांना वार्षिक देखभाल करार कळतो. लिफ्टचा असतो, पंपाचा असतो, तसा हाही. त्याला हे बरं वाटत नाही. कन्नमवार नगरातल्या ज्या सोसायटीत त्याचं लहानपण गेलं ती पैसे भरत नाही, भरू शकत नाही अशातला भाग नाही, पण तिथल्या खजिनदार आजोबांचा फोन न उचलणं त्याच्याने होणार नाही. मी त्याला म्हटलं, त्या एका आजोबांचा फोन उचल, बाकीच्यांना वेळ सांग. अजून काही ठरलेलं नाही.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. कमिटीची मुदत पाच वर्षांची. ती बदलली की नवा खजिनदार येतो, आणि बिलाची मेल जुन्या खजिनदाराच्या वैयक्तिक ईमेलवर जात राहते. दोन सोसायट्यांत तर सगळा डेटाच जुन्या खजिनदाराच्या फोनमध्ये अडकला होता आणि जुने-नवे एकमेकांशी बोलत नव्हते. बॅकअपची फाइल मिळवून देण्यासाठी डेव्हलपरला मध्यस्थी करावी लागली. एका ठिकाणी चहा मिळाला, दुसऱ्या ठिकाणी तोही नाही. आता नव्या आवृत्तीत नोंदणी करतानाच दोन पत्ते मागितले जातात, खजिनदाराचा आणि सेक्रेटरींचा, आणि बिल दोघांनाही जातं. आमच्या सेक्रेटरींनी ते मिळाल्यावर मला विचारलं, ‘‘हे दर फ्लॅट दहा रुपये बंद फ्लॅटलाही धरायचे का?’’ तो विषय येत्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला आहे.